उसनी शीळ

१

अलीकडच्या काठानं तो, पलीकडच्या काठानं ती. नवराबायकोनं उभा जन्म एकत्र काम केलं, पण मध्ये ओढा ठेवून. म्हणूनच टिकलं, असं लोक म्हणायचे. लोकांना काय, तोंड आहे.

वस्तीवर त्याला सगळे खेकसे म्हणायचे. आडनाव नव्हे ते, स्वभाव. कुणी विचारलं, "कसं काय, बरं आहे ना?" तर हा म्हणायचा, "नसलं तर तू बरं करणार आहेस का?" एवढ्यानंच नाव पडलं आणि चिकटलं. त्याच्या बायकोला मात्र कुणी नाव ठेवलं नाही. ती सगळ्यांची काकू.

जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला डांबरी रस्ता संपतो तिथून हे रान सुरू होतं. मोठं नाही, पण दाट. वरच्या अंगाला उंच झाडं, मध्ये ओढा, खालच्या अंगाला दलदल. इतर ठिकाणी शोधून सापडत नाही ते इथे पायाखाली येतं. वनखात्याला त्याची मोजदाद हवी असायची, आणि ती हे दोघं करायची. तो अलीकडच्या काठानं पाखरं आणि चार पायांवर चालणारं जे दिसेल ते मोजायचा. ती पलीकडच्या काठानं फुललेली झाडं, वेली, नेचे, अळंब्या मोजायची. लिहिण्याचं दोघांनाही वावडं. म्हणून खिशात बिया. घरामागच्या झाडाच्या काळ्या, गुळगुळीत, कडक बिया. एक दिसलं की उजव्या खिशातली बी डाव्या खिशात. ओढ्याच्या वरच्या टोकाला लाकडी साकव होता. तिथे दोघं भेटायची. साकवाच्या पहिल्या खांबाला एक खोबण होती, तिच्यात ती डावा खिसा रिकामा करायची. ती म्हणायची, "झालं?" तो म्हणायचा, "झालं." मग घर.

आता चालता चालता एकमेकांची खबर तर हवी. ओरडायची सोय नाही, ओरडलं की पाखरं उडाली आणि मोजणी बोंबलली. शीळ घालावी तर ज्याची शीळ घातली ते पाखरू उत्तर देतं आणि हिशेबात घोळ होतो. यावर खेकशानं तोड काढली होती. जे पाखरू या रानात उरलंच नाही त्याची शीळ घालायची. पाणझुरी. खेकशाच्या बापानं तिला लहानपणी ऐकलं होतं, बापाकडून याच्या तोंडात आली. खेकशानं स्वतः ते पाखरू जन्मात पाहिलं नव्हतं. एक लांब सूर, एक तोकडा, मग एक वर चढत गेलेला लांब. म्हणजे, मी आहे, तू आहेस ना? समोरून तशीच परत आली की, आहे.

काम संपल्याची शीळ निराळी. दोन तोकडे सूर आणि एक खाली उतरत गेलेला. तिला ते घरची शीळ म्हणायचे. ती ऐकली की हातातलं टाकायचं आणि साकवावर यायचं. नियम म्हणजे नियम.

पहिल्या पहिल्यांदा काकू कुरकुरली होती. "अहो, मेलेल्याच्या आवाजात माणसाला हाक मारू नये."

"का? ते काय आवाज परत मागायला येणार आहे?"

ती हसली होती. हसली की तिचा तुटका दात दिसायचा. एकदा मुळावर ठेचकाळून पडली होती, त्यात वरचा पुढचा दात अर्धा गेला. तेव्हापासून तिच्या शिळेच्या शेवटी हवा निसटायची, जरा स्स असं. खेकसे चिडवायचा, "तुझ्या पाखराला दमा झालाय."

गेल्या थंडीत चालता चालताच तिला ताप भरला. पलीकडच्या काठानं गाडीवाट जाते. दूधवाल्याला ती सपाट धोंड्यावर बसलेली दिसली, डोळे लाल, बोलणं असंबद्ध. त्यानं तिला गाडीत घातलं आणि थेट शहरातल्या इस्पितळात नेलं. खेकसे साकवावर उभा राहून 'आहेस ना?'ची शीळ घालत राहिला होता. त्याला दुपारी कळलं. आठवडाही निघाला नाही. परत आली ती अशी आली की तिला काही विचारता येईना.

तिचे दिवस झाले तसा तो पुन्हा कामावर गेला. घरात बसून भिंतींवर किती खेकसणार? पहिल्याच दिवशी दुभंगलेल्या झाडापाशी पोचला, जिथे पहिली शीळ घालायची ती जागा. ओठ आपोआप गोल झाले. शीळ गेली आणि मग त्याच्या लक्षात आलं की आता पलीकडे कुणी नाही. तो स्वतःवरच खेकसला, "मूर्खा."

तेवढ्यात पलीकडून उत्तर आलं.

लांब, तोकडा, वर चढत गेलेला. आणि शेवटी, जरा स्स.

२

खेकसे भोळा नव्हता. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तो उठून जायला सांगायचा. त्यानं तिथेच उभं राहून विचार केला.

प्रतिध्वनी? पण या ओढ्याला कधी प्रतिध्वनी नव्हता. असता तर इतक्या वर्षांत कळला असता. शिवाय प्रतिध्वनी आपलंच आपल्याला परत देतो, त्यात दुसऱ्याचा तुटका दात येत नाही.

मग एखादं नकल्या पाखरू. असतात अशी. दुसऱ्या पाखरांचे आवाज काढतात, कुऱ्हाडीचा काढतात, कुत्र्याचासुद्धा. इतकी वर्षं तिची शीळ ऐकली असेल, उचलली असेल. हे पटण्यासारखं होतं. त्यानं ते पटवून घेतलं. इतकंच नाही, त्याला बरंही वाटलं. माणूस जातं आणि त्याची एवढीशी गोष्ट कुठल्या तरी पाखराच्या गळ्यात राहते, हे काही वाईट नाही.

म्हणून तो रोज शीळ घालायला लागला. रोज उत्तर यायचं.

पण पाखरू एका झाडावर बसतं. हे उत्तर त्याच्याबरोबर चालत होतं. दुभंगलेल्या झाडापाशी समोरून, वळणापाशी समोरून, दलदलीच्या कडेला समोरून. त्याच्याच चालीनं. एक दिवस तो मुद्दाम भराभर चालला. सपाट धोंड्याच्या समोर येऊन शीळ घातली तर उत्तर नाही. तो थांबला. मग बऱ्याच मागून, दमलेलं, उत्तर आलं.

काकूचा डावा गुडघा धरायचा. चढावर ती नेहमी मागे पडायची आणि धोंड्यावर जरा टेकायची.

पाखराला गुडघा नसतो, हे खेकशाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

आणि आणखी एक. हे त्याच्या फार उशिरा ध्यानात आलं, कारण माणूस ऐकू येणारं मोजतो, न ऐकू येणारं नाही. जिथून उत्तर यायचं तिथे बाकी सगळं गप्प असायचं. सुतारपक्ष्याची ठकठक नाही, बेडूक नाही, पानात सरसर करणारी खार नाही. अलीकडच्या काठावर भरलेला बाजार, आणि पलीकडे, उत्तराच्या भोवती, विहिरीसारखा एक गोल. तो गोल काठानं पुढे सरकत होता.

३

लेक रविवारी यायची. शहरात तिचं शिवणकामाचं दुकान होतं. आली की आधी ओट्यावरची भांडी घासायची, मग बापाला.

"बाबा, हा टॉवेल की पायपुसणं?"

"दोन्ही. एकात भागतंय तर दोन कशाला?"

"आणि आईचे बूट अजून दारातच?"

"तुझ्या वाटेत येतायत का?"

तिनं टॉवेल बादलीत टाकला. बूट रबरी, गुडघ्यापर्यंतचे. काकूला इस्पितळातून आणलं तेव्हा दूधवाल्यानं ते परत आणून दिले होते. डोक्याला बांधायचा तिचा हिरवट फडका मात्र सापडला नव्हता. घाईत कुठे तरी पडला असणार.

"माझ्याकडे चला," लेक म्हणाली. "वरची खोली रिकामी आहे."

"तुझ्या वरच्या खोलीत काय मोजू? डास?"

"इथे तरी काय मोजणार आहात? ते रान खडीच्या खाणीला द्यायचं चाललंय. समिती येणार आहे बघायला. तिथे काही दुर्मीळ नाही असं ठरलं की यंत्रं येतील. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्याला सांगितलं होतं. मोजणीच्या मॅडमनी दोनदा सांगितलं होतं. पण कान असून ऐकायचं नसतं तेव्हा माणूस बहिरा होतो. बायकोच्या मागे रान राहिलं होतं. रान गेलं की अलीकडचा काठही नाही आणि पलीकडचाही नाही. मग ती चालणार कुठून?

हा विचार त्याच्या मनात असा साधा, घरगुती आला, की तो स्वतःच दचकला. ती चालणार कुठून म्हणजे काय?

"बाबा, कपावर फुंकर काय घालताय?"

"चहा गरम आहे."

"अजून ओतला नाही मी."

४

मोजणीच्या मॅडम वनखात्याच्या. वय फार नाही, बोलणं चुरचुरीत, पायात चिखल लागला तर कुरकुरत नाहीत, म्हणून खेकसे त्यांच्यावर कमी खेकसायचा. समिती यायच्या आधी रान एकदा नजरेखालून घालावं म्हणून त्या आल्या. त्याच्याबरोबर चालायला लागल्या.

त्यानं ठरवलं होतं, आज शीळ घालायची नाही. दुभंगलेल्या झाडापाशी आला आणि ओठ दाताखाली धरून पुढे गेला.

पण शीळ आली. आज पहिल्यांदा तिकडून आधी आली. एकदा आली, मग पुन्हा. तू आहेस ना?

मॅडम जागच्या जागी थिजल्या. मग त्याचा दंड धरून कुजबुजल्या, "काका! ही… ही पाणझुरी आहे? आमच्याकडे हिचा जुना आवाज साठवून ठेवलाय. हेच तीन सूर!"

"ते पाखरू नाही."

"मग काय आहे?"

यावर तो काय बोलणार? माझी बायको आहे, असं म्हणाला असता तर मॅडमनी त्याला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

"नकल्या पाखरू असेल," तो म्हणाला.

"नक्कल करायला अस्सल ऐकावं लागतं ना? म्हणजे कुठे तरी आहेच!" त्यांचे डोळे लकाकत होते. "काका, तुम्हाला कळतंय का? पाणझुरी जिवंत असेल तर या रानाला कुणी हात लावू शकणार नाही. खाणवाल्यांचा बापसुद्धा नाही. फक्त समितीला ती दिसली पाहिजे. नुसत्या आवाजावर भागणार नाही. काही केलं तर ती जवळ येईल का?"

पलीकडे नेच्यांची एक रांग हलली आणि थांबली. वारा नव्हता.

"नाही," खेकसे म्हणाला. "ती येत नाही."

"येत नाही, की तुम्ही बोलावत नाही?"

मॅडम उगीच बोलून गेल्या. पण ते वाटभर त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. घरची शीळ. काकूला ताप भरला त्या दिवशी ती कुणी घातली नव्हती. काम संपलंच नव्हतं ना. ती अर्ध्या वाटेवरून उचलली गेली, आणि तिला कुणी सांगितलंच नाही की झालं आता, चल.

५

दुसऱ्या दिवशी तो एकटाच साकवावर गेला. पहिल्या खांबाच्या खोबणीत त्या थंडीपासून पाला साठला होता. तो त्यानं कधी काढला नव्हता. आज पाला बाजूला पडलेला होता आणि खोबण बियांनी भरली होती.

काळ्या, गुळगुळीत, ओल्या. त्यानं एक उचलली. घरामागच्या झाडाचीच. ओली होती पण गार नव्हती. खिशात बराच वेळ राहिल्यावर लागते तशी ऊब तिला होती.

त्यानं ती पटकन परत टाकली.

खारीनं साठवल्या असतील, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. आवाज मोठा करून सांगितलं. "खार असेल!"

मग तो साकवाच्या पायरीवर बसला आणि पहिल्यांदा रडला. इस्पितळात नाही, पोचवताना नाही, इथे. कारण त्याला दिसलं की ती थंडी गेली, पालवी फुटली, झाडावरच्या आमरीला फुलांचे तुरे येऊन गळून गेले, आणि ही बाई गुडघा ओढत ओढत रोज मोजतेच आहे. ताप अंगात तसाच असेल. रोज साकवापर्यंत येते, खिसा रिकामा करते, झालं का विचारते, आणि झालं म्हणायला कुणी नसतं. म्हणून परत जाते आणि पहिल्यापासून सुरू करते.

शीळ घातली की सुटेल. एवढीच तर गोष्ट. दोन तोकडे सूर आणि एक खाली उतरणारा.

त्यानं ओठ गोल केले. आणि घातली नाही.

का, ते सांगायला लाज कसली? एक, ती आली आणि गेली की पलीकडे कुणी उरणार नाही, आणि उत्तर यायचं थांबेल. मग तो कुणासाठी चालणार? दुसरं, त्याला भीती वाटली. घरची शीळ ऐकली की यायचंच, हा नियम. पण काय येईल, हे नियमात नव्हतं.

६

समितीत तीन माणसं होती, तिघांच्या टोप्या नव्याकोऱ्या. एकानं विचारलं, "साप असतात का हो इथे?"

"असतात," खेकसे म्हणाला. "टोपीवाले त्यांना फार आवडतात."

मॅडमनी डोळे वटारले. लेकही आली होती. दुकान बंद ठेवून आली होती, बाप काही तरी वेडंवाकडं बोलेल म्हणून. येताना तिनं मॅडमकडून पाणझुरीचं सगळं ऐकलं होतं. बापाला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणतात तुम्ही मुद्दाम मदत करत नाही. का?"

"ते पाखरू नाही."

"मग?"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला कळलं. पोरीला बापाचा चेहरा वाचता येतोच.

"अहो बाबा," ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "आई नाहीये ती. आई गेली. मी होते ना तिच्या उशाशी." मग तिनं नाक ओढलं. "पाखरू आहे. आईच्या शिळेवर वाढलेलं पाखरू. थांबा, तुम्हाला डोळ्यांनीच दाखवते."

त्याला वाटलं ती दुर्बीण मागेल. पण ती सरळ साकवाच्या पहिल्या खांबाशी जाऊन उभी राहिली. लहानपणी दुपारचा डबा घेऊन ती तिथेच उभी राहायची, आणि आईबापांना जेवायला बोलवायला जी शीळ घालायची ती तिला शिकवली होती. हे खेकसे विसरला होता. साफ विसरला होता.

"नको!" तो म्हणाला.

दोन तोकडे सूर. एक खाली उतरत गेलेला.

आधी काही झालं नाही. टोपीवाल्यानं घड्याळात पाहिलं. मग सुताराची ठकठक मध्येच तुटली. मग बेडूक. मग काठाकाठानं एकेक आवाज विझत गेला, दिवे मालवत कुणी घरभर फिरावं तसा, आणि तो गोल त्यांच्यावरून पसरून मागे रानात गेला. ओढ्याचं पाणी तेवढं वाहत होतं, आणि तेही दूर गेल्यासारखं.

पलीकडे नेचे वाकले. एक झुडूप, मग पुढचं. सावकाश. सपाट धोंड्यापाशी थांबलं. टेकलं असावं. पुन्हा नेचे वाकायला लागले.

"मोठं जनावर आहे का?" मॅडम ओठातल्या ओठात म्हणाल्या.

लेकीचा हात खांबावर होता. तिची बोटं पांढरी पडली होती.

साकवाची पलीकडची फळी दबली. वाजली नाही, दबली. मग तिच्या अलीकडची. खेकसे पुढे झाला आणि लेकीला त्यानं मागे, आपल्या पाठीशी ढकललं. कसली समिती आणि कसली खाण, त्याला काही आठवत नव्हतं. नियम तेवढा आठवत होता.

कठड्याच्या पलीकडे, उन्हाची तिरीप आणि पानांची सावली यांच्या मध्ये, हिरवट फडका दिसला. डोक्याला बांधलेला, तिच्याच गाठीनं. फडक्याखालचं तोंड खाली होतं. मग ते वर झालं. वर झालं म्हणजे माणसासारखं नाही. एका झटक्यात, एका बाजूला कललं, आणि एकाच डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. डोळा गोल होता. त्याला पापणी नव्हती.

त्या डोळ्यात ओळख होती, हेच सगळ्यात वाईट. अनोळखी असतं तर तो ओरडला असता आणि पळाला असता. पण ती ओळखत होती. तिला काही तरी म्हणायचं होतं. गळा हलला, पुन्हा हलला. बोलायचा किती प्रयत्न केला तिनं. आणि आली ती शीळच. लांब, तोकडा, वर चढत गेलेला. स्स.

खेकशाला तेव्हा कळलं. त्यानं एका मेलेल्या पाखराचा आवाज उसना आणला होता आणि जन्मभर तिच्या तोंडात घातला होता. आता तिच्याजवळ तेवढाच उरला होता.

"झालं," तो म्हणाला. तिनं विचारायचं आणि त्यानं सांगायचं अशी रीत. पण तिला विचारता येत नव्हतं. "झालं गं. सगळं झालं. दम खा."

खोबणीत बिया पडल्याचा आवाज आला, टपटप, बराच वेळ. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

"दिसली!" मॅडम किंचाळल्या. "कठड्यावर! तपकिरी, पोटाला पांढरी! मी फोटो काढला!"

डोळे उघडले तेव्हा साकव रिकामा होता. सुताराची ठकठक सुरू झाली होती. टोपीवाले एकमेकांच्या पाठी थोपटत होते.

लेक तेवढी अजून साकवाकडे बघत होती. घरी दारातले बूट ओलांडताना ती थांबली.

"बाबा, आईचा तो फडका कुठे आहे?"

"हरवला."

"हं," ती म्हणाली.

७

रान वाचलं. डांबरी रस्ता संपतो तिथे पाणझुरीचं चित्र असलेली पाटी लागली. मॅडमच्या फोटोत कठड्यावर काही तरी तपकिरी आणि धूसर आहे. शहाणी माणसं म्हणतात पाखरू, म्हणजे असेल.

खेकसे शीळ घालायचा आणि थांबायचा. उत्तर नाही. पलीकडे सुतार, खंड्या, बेडूक, सगळं भरलेलं. गोल कुठे नाही. दम खा म्हणाला आणि तिनं ऐकलं. जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो रोज दुभंगलेल्या झाडापाशी नको तितका वेळ उभा राहायचा.

बापाची ही अवस्था बघून लेकीनं ठरवलं. दर रविवारी ती आईचे बूट घालून पलीकडच्या काठानं चालायला लागली. नेच्यांची नावं तिला आईनंच शिकवली होती, थोडी विसरली, थोडी आठवली.

"शीळ घालायची नाही," खेकशानं बजावलं. "ही नाही आणि ती नाही. ओरडायचं."

"पाखरं उडतील ना."

"उडू देत. तुझा आवाज तुझा असू दे."

मग ती ओरडायची. "बाबाऽऽ!" तो ओरडायचा, "आहेऽऽ!" पाखरं उडायची, मोजणी चुकायची, आणि पावसाळाभर त्या ओढ्याच्या दोन्ही काठांवर दोन माणसं एकमेकांना हाका मारत चालायची. असे दिवस परत येतील असं त्याला वाटलं नव्हतं. वस्तीवर कुणी तरी म्हणालंसुद्धा, खेकसे हल्ली कमी खेकसतो.

परवा मंगळवार होता. तो एकटाच निघाला होता. वळणाच्या पुढे खिशातला फोन वाजला. लेकीचा.

"बाबा, औषध घेतलंत का?"

"घेतलं."

"खोटं बोलू नका. दुकानात गिऱ्हाईक आहे, पटकन सांगा."

"घेतलं म्हणतो ना."

त्याच्या लक्षात आलं की आपण फार मोठ्यानं बोलतोय. मोठ्यानं वाटत होतं, कारण बाकी काहीच ऐकू येत नव्हतं. सुतार नाही. बेडूक नाही.

पलीकडच्या काठावरून हाक आली.

"बाबाऽऽ!"

लेकीचाच आवाज. हुबेहूब, शब्द ओढायची तऱ्हासुद्धा तिचीच. फक्त शेवटी, जरा हवा निसटल्यासारखी. स्स.

सपाट धोंड्याजवळचे नेचे वाकले होते.

कानाशी फोन होता. तिकडे शिवणयंत्राची घरघर थांबली.

"बाबा," लेक सावकाश म्हणाली, "तिकडे तुम्हाला कोण हाक मारतंय?"

खेकशानं तळहातानं तोंड दाबून धरलं, कारण सवयीनं 'आहे' म्हणून उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यानं गिळलं. मग हात काढला.

"कोणी नाही गं," तो म्हणाला. आवाज त्यानं शक्य तेवढा चिडका ठेवला. "पाखरू आहे."

आणि उजव्या खिशातली एक बी काढून त्यानं डाव्या खिशात टाकली.